प्रकल्प नोंदी: आर्गॉनवरचा छोटा हॉल थ्रस्टर, आणि त्यातून आयन किती वेगाने सुटतात ते

9 जून 2025

थ्रस्टर व्हॅक्यूम चेंबरमध्ये बसला एकदाचा. हॉल थ्रस्टर म्हणजे उपग्रहाचं विजेवरचं इंजिन: गॅसच्या अणूंचा इलेक्ट्रॉन काढून त्यांचे आयन करायचे आणि व्होल्टेजने ते मागे जोरात फेकायचे. चॅनेल बोरॉन नायट्राइडचं, बाहेरचा व्यास 50 मिमी, मॅग्नेट समेरियम-कोबाल्टचे, इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड लॅन्थनम हेक्साबोराइडचा. गॅस आर्गॉन. झेनॉन का नाही हे लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण विचारतो म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो: हवेत आर्गॉन 0.93 टक्के आहे, आणि झेनॉन दहा कोटी भागांत जेमतेम नऊ भाग, मग किमतीचं वेगळं सांगायला नको. आर्गॉन आपल्याला वेर्ण्याच्या सप्लायरकडून मिळतो, तोच माणूस वास्कोकडे वेल्डिंगलाही सिलिंडर देतो, फक्त आपण 99.999 टक्केवाला मागवतो कारण तापलेल्या कॅथोडला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. आणि आर्गॉन म्हणजे गरिबाचा गॅस असं कोणी म्हणालं तर स्पेसएक्सने 2023 मध्ये स्टारलिंकसाठी आर्गॉनवरचाच हॉल थ्रस्टर काढला हे तोंडावर फेकायचं, 4.2 किलोवॅट आणि 170 मिलिन्यूटन. आपला त्याच्यापुढे पोरगा आहे, तीनशे-साडेतीनशे वॅटचा.

काम एकच, आयनांचा वेग मोजायचा. रासायनिक इंजिनातून गॅस सेकंदाला तीनएक किलोमीटरने सुटतो, इथे वीस-तीस किलोमीटरने, म्हणून तेवढ्याच कामाला इंधन कितीतरी कमी लागतं. इस्रोने जीसॅट-9 वर (मे 2017) झेनॉनवालं इलेक्ट्रिक प्रोपल्शन पाठवलं ते याचसाठी, आणि युरोपचं स्मार्ट-1 सप्टेंबर 2003 ला निघून नोव्हेंबर 2004 मध्ये चंद्राच्या कक्षेत पोचलं तेही असल्याच हॉल थ्रस्टरवर, हळूहळू पण कमी इंधनात. तर हा वेग आपण दोन तऱ्हांनी काढणार, एक जाळ्यांचा प्रोब (आरपीए) आणि दुसरा लेझर (एलआयएफ). सरांचं म्हणणं एक पुरे आहे. मला दोन्ही हवेत, का ते पुढे कळेलच.

13 जून

पाऊस जोरात. चिलर 18 डिग्रीला लावला की पाण्याच्या नळ्यांना घाम सुटतो आणि थेंब बरोबर व्हॅक्यूमच्या टर्बो पंपाच्या कंट्रोलरवर पडतात. जूनमध्ये फोंड्यात हवेचा दवबिंदूच पंचवीसच्या आसपास असतो, मग 18 ची नळी ठिबकणारच, त्यात कोणाचा दोष नाही. नळ्यांवर फोम गुंडाळला, चिलर 24 वर नेला, मॅग्नेट जरा गरम चालतील, चालू द्या. डीह्युमिडिफायर दिवसरात्र चालू, त्याची बादली रोज कोणी ओतायची यावरून लॅबमधल्या धाकट्याचं आणि माझं वाजलं.

24 जून

आज सांजांव, गोव्यातला पावसाळी सण, अर्धी लॅब विहिरीत उड्या मारायला गेली, त्यामुळे जाळ्या बसवायला शांतता मिळाली. आरपीए म्हणजे एकामागे एक चार जाळ्या आणि मागे कलेक्टरची चकती. पहिली जाळी तरंगती सोडायची, दुसरीला मायनस 30 व्होल्ट देऊन इलेक्ट्रॉन बाहेर ठेवायचे, तिसरीचा व्होल्टेज शून्यापासून 250 पर्यंत चढवत न्यायचा, आणि चौथीला परत मायनस, कलेक्टरवरून उडालेले इलेक्ट्रॉन मागे ढकलायला. तिसऱ्या जाळीचा डोंगर ज्या आयनाला चढता येतो तोच कलेक्टरवर पोचतो. व्होल्टेज वाढवत गेलं की करंट उतरत जातो, तो जिथे सगळ्यात जोरात उतरतो तिथे बहुतेक आयनांची एनर्जी, सरळ हिशेब.

पण करायला सरळ नाही. जाळीची भोकं आणि दोन जाळ्यांमधलं अंतर डिबाय लांबीच्या (प्लाझ्मा, म्हणजे आयन-इलेक्ट्रॉनचा गॅस, बाहेरचा व्होल्टेज जेवढ्या अंतरात झाकून टाकतो ती) हिशेबात ठेवावं लागतं, नाहीतर प्लाझ्मा सरळ आत घुसतो आणि जाळीला विचारतच नाही. झोतात 30 सेंमीवर इलेक्ट्रॉनचं तापमान 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट (एका व्होल्टला इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी एनर्जी म्हणजे एक) आणि घनता घनमीटरला 10 चा 15 वा घात धरली तर डिबाय लांबी निघते 0.33 मिमी. म्हणजे भोक त्याहून बारीक हवं आणि दोन जाळ्या मिलिमीटरभरच्या आत. कुंडईच्या वर्कशॉपच्या मामांनी अ‍ॅल्युमिनाच्या रिंगा 0.8 मिमीपर्यंत घासून दिल्या, देताना म्हणाले, "हें फुटलें जाल्यार परत येवं नाका." फुटलं नाही. जाळी मात्र कापताना तिच्या कडेची तार सुटते आणि सुटलेली एकच तार शेजारच्या जाळीला टेकली की 250 व्होल्ट शॉर्ट, म्हणून प्रत्येक जाळीची कड भिंगाखाली चिमट्याने साफ करून मग स्पॉट वेल्ड केली. सगळी दुपार त्यात गेली. चारही जाळ्या मिळून आलेल्या आयनांतला तिसरा हिस्साही आत जात नाही, पण आपल्याला आकडा एनर्जीचा हवाय, संख्येचा नाही, म्हणून चालतं.

2 जुलै

पेटला!! 20 एससीसीएम (मिनिटाला 20 घनसेंमी) आर्गॉन, 200 व्होल्ट, डिस्चार्ज करंट 1.6 अँपिअर, गुलाबी-जांभळा झोत. करंटमध्ये 20 किलोहर्ट्झच्या आसपास हेलकावे दिसतात, हॉल थ्रस्टरचा तो श्वासच आहे, गॅस भरतो, आयन होऊन संपतो, परत भरतो. प्रेशर मात्र चालू असताना 1.7 गुणिले 10 चा उणे 4 वा घात मिलिबार, आपल्या पंपांची ताकद तेवढीच. हे पुढे नडणार आहे हे आत्ताच लिहून ठेवतो.

5 जुलै

आरपीएचा पहिला कर्व्ह. डेरिव्हेटिव्ह (करंट कुठे किती जोरात उतरतो ते) घेतल्यावर एक मोठा उंचवटा 162 व्होल्टवर आणि एक छोटा 12 च्या आसपास. धाकट्याला छोटा म्हणजे नॉइज वाटला, पण तो प्रत्येक स्वीपला तिथेच येतो, नॉइज इतका प्रामाणिक नसतो.

ते चार्ज एक्स्चेंजचे आयन. वेगवान आयन जाता जाता एखाद्या आळशी आर्गॉन अणूजवळून जातो, त्याचा एक इलेक्ट्रॉन उचलतो आणि स्वतः न्यूट्रल होऊन त्याच वेगाने पुढे सटकतो, मागे राहतो तो मंद आयन, ज्याच्याकडे एनर्जी म्हणून काही नाहीच. आपल्या प्रेशरला अणूंची घनता घनमीटरला 4 गुणिले 10 चा 18 वा घात, क्रॉस सेक्शन 3 गुणिले 10 चा उणे 19 वा घात चौरस मीटर धरला, तर सरासरी 80 सेंमीला एक गाठभेट. प्रोब 30 सेंमीवर, म्हणजे वाटेतच साधारण तिसरा हिस्सा आयन असे बदलतात. अंतराळात हा प्रकार फार कमी, हा आपल्या पंपांचा प्रसाद आहे. पण तो 12 व्होल्टचा टेंगूळ पुसायचा नाही, फाइलमध्ये ठेवलाय, कामाला येईल असं आतून वाटतंय.

162 हा आकडा चेंबरच्या, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने आहे. त्याचा वेग केला तर 28.0 किमी/से. वहीत पेन्सिलीने लिहिलाय, पेनने नाही.

11 जुलै

रन अर्ध्यात असताना लायट गेली. यूपीएसने टर्बोला धरून ठेवलं, पण टर्बोच्या मागचा रफिंग पंप यूपीएसवर नव्हता, व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला म्हणून वाचलो. जनरेटर चालू व्हायच्या आत परत आली, परत गेली. कॅथोड तापलेला होता, हवा आत गेली असती तर आज कॅथोडच्या नावाने सुतक पाळावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात रफिंगलाही वेगळा यूपीएस.

19 जुलै

लेझरचं टेबल. ज्यांना एलआयएफ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आर्गॉन आयनाची एक ठरलेली अवस्था 668.61 नॅनोमीटरचा लाल प्रकाश गिळते आणि लगेच 442.7 चा निळा-जांभळा ओकते. आयन स्थिर असेल तर बरोबर 668.61 लाच गिळेल. लेझरच्या दिशेने धावत येत असेल तर त्याला आपला लेझर जास्त निळा दिसतो, म्हणून आपण लेझर तेवढाच लालकडे सरकवायचा की मग तो गिळतो. किती सरकवला त्यावरून वेग. डॉप्लरने 1842 मध्ये सांगितलेलंच, आणि प्लाझ्मातल्या आयनांवर स्टर्न आणि जॉन्सन यांनी 1975 मध्ये आर्गॉनवरच करून दाखवलेलं. जाळी झोतात खुपसावी लागते, ती झोताला अडवते, तापते, झिजते. लेझर कशालाच हात लावत नाही, आणि मिलिमीटरभर जागेतला वेग सांगतो.

आर्गॉनचा अजून एक फायदा. नैसर्गिक झेनॉनमध्ये नऊ आयसोटोप, प्रत्येकाची रेषा जरा इकडे जरा तिकडे, त्यातून वेगाची पसरण वेगळी काढायची म्हणजे डोक्याला ताप. आर्गॉन जवळजवळ सगळा 40 चाच, 99.6 टक्के. स्वस्त वस्तूने इथे महागड्याला मात दिली. मॅग्नेटिक फील्डमुळे रेषा फुटते ती वेगळी, पण 20 मिलिटेस्लाला ते जेमतेम 0.3 गिगाहर्ट्झ, वेगात दोनशे मीटर, सध्या सोडून देतो.

कलेक्शनची लेन्स कपाटातून काढली तर तिच्यावर बुरशीची जाळी, अगदी कोळ्याने विणल्यासारखी, उजेडात धरली की नक्षी दिसते. गोव्यात पावसाळ्यात लेन्स उघड्या कपाटात ठेवणं म्हणजे तिला सोडून देणंच. नवीन लेन्स एअरटाइट डब्यात सिलिका जेलसकट, आणि डब्यावर मार्करने लिहिलंय: यात कोणी भजी ठेवू नये. (ठेवली होती.)

30 जुलै

अडचण अशी की 27 किमी/से म्हणजे 40 गिगाहर्ट्झचा सरक. आपला डायोड लेझर एका दमात वीस-पंचवीस गिगाहर्ट्झ जातो, मग मोड हॉप करून भलतीकडेच उडी मारतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की टेबलाचं तापमान अर्धा डिग्री हलतं आणि हॉपची जागाही हलते. शेवटी स्कॅन दोन तुकड्यांत करायचं ठरवलं, एक शून्याजवळचा, एक दूरचा, आणि दोन्ही तुकडे आयोडिनच्या नळीवर जुळवायचे. आयोडिनच्या वाफेच्या रेषा त्या भागात दाट आहेत आणि त्या कुठे हलत नाहीत, वेव्हमीटर खोटं बोलला तरी आयोडिन बोलत नाही. एसी रन चालू असताना बंद. खोलीत आम्ही दोघं घामाने निथळत, लेझर मात्र खूश.

6 ऑगस्ट

सिग्नल आला.

झोत स्वतःच 442.7 वर चमकतो, आपला लेझरवाला उजेड त्याच्या हजाराव्या भागाइतका असेल-नसेल, तर तो शोधायचा म्हणजे लेझर चॉपरने (खाचांच्या फिरत्या चकतीने) तोडायचा आणि लॉक-इन या मोजायच्या यंत्राला सांगायचं की फक्त या तालावर जे येतं तेवढंच ऐक. चॉपर 1.1 किलोहर्ट्झला ठेवलाय, थ्रस्टरच्या 20 किलोहर्ट्झच्या हेलकाव्यांपासून लांब. लेझर झोताच्या समोरून, चॅनेलच्या मधोमध आत मारतो, आणि लेन्स अक्षाशी 35 अंशांवर, म्हणजे चॅनेलच्या आतलंही थोडं दिसतं. एक्झिटच्या, म्हणजे चॅनेलच्या तोंडाच्या, पुढे 20 मिमीवर स्कॅन केला, पहिला तुकडा सपाट, दुसऱ्या तुकड्यात 38 गिगाहर्ट्झला टेकडी उभी राहिली. 25.4 किमी/से. धाकट्याने पातळभाजी-पाव मागवला, माझ्या खात्यावर.

14 ऑगस्ट

आतून बाहेर असा पूर्ण स्कॅन. एक्झिटच्या 6 मिमी आत 3 किमी/से, तेही पसरट, काही आयन तर उलटे, चॅनेलच्या तळाच्या अ‍ॅनोडकडे चाललेले. बरोब्बर एक्झिटवर 14. पुढे 10 मिमीवर 23, 20 मिमीवर 25.4. एनर्जीत बोलायचं तर एक्झिटवर पोचेपर्यंत फक्त 40 इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळालेत, बाकीची सगळी मजा चॅनेलच्या बाहेर. पुस्तकात चित्र काढताना सगळे वेगाचा बाण चॅनेलच्या आत काढतात, प्रत्यक्षात आयन उंबरठा ओलांडल्यावरच पळत सुटतो. मॅग्नेटिक फील्ड जिथे सगळ्यात जास्त तिथे इलेक्ट्रॉन अडकतात, तिथेच व्होल्टेज पडतं, आणि आपल्या मॅग्नेटांची रचना अशी आहे की ती जागा तोंडावरच येते. भिंतीच्या झिजेच्या दृष्टीने हे चांगलंच.

23 ऑगस्ट

लेझर पॉवर निम्मी, पाव करून तेच स्कॅन परत घेतले. जास्त पॉवरला टेकडी वरून चेपते आणि बाजूला फुगते, सॅच्युरेशन. मधली जागा तीच राहते, रुंदी मात्र खोटी वाढते. यापुढे पाव पॉवरच, वेळ लागला तर लागू दे.

उद्यापासून चवथीची सुट्टी. चेंबर व्हॅक्यूममध्ये सोडून जातोय, कॅथोड थंड, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळं-पानांचं) सामान आणायला गाडी घेऊन डिचोलीला जायचंय.

3 सप्टेंबर

आता मुद्द्याची भांडणं. सर म्हणतात जाळी 28.0 देते, लेझर 25.4 देतो, दोघांपैकी एक चुकतोय, कोण ते ठरव. माझं म्हणणं दोघंही खरं बोलतायत, पण दोघांचं शून्य वेगळं आहे आणि दोघं उभे आहेत ती जागाही वेगळी आहे. हे दोन्ही सरळ केल्याशिवाय नुसते आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि पेपरात लोक सर्रास तेच करतात.

शून्याचं आधी. जाळीचा व्होल्टेज जमिनीपासून मोजलाय, पण झोतातला प्लाझ्मा जमिनीवर नसतो, तो वर तरंगतो. आज एमिसिव्ह प्रोबने मोजलं (टंगस्टनची तार पांढरी होईपर्यंत तापवून सोडायची, तिचा व्होल्टेज प्लाझ्माच्या जवळ येऊन थांबतो), 30 सेंमीवर 12 व्होल्ट. आणि आठवा तो 5 जुलैचा छोटा टेंगूळ, तोही 12 वरच! त्या मंद आयनांकडे स्वतःची एनर्जी नसतेच, ते फक्त प्लाझ्माच्या उंचीवरून जमिनीच्या जाळीकडे घरंगळतात, म्हणून त्यांची जागा म्हणजेच प्लाझ्मा पोटेन्शियल. ज्याला कचरा समजत होते त्यानेच साक्ष दिली. तर 162 उणे 12, खरी एनर्जी 150, वेग 26.9.

200 मधले 50 गेले कुठे तोही हिशेब लागला. कॅथोड जमिनीच्या 18 व्होल्ट खाली तरंगतो, मीटरवर दिसतंच. 18 गेले कॅथोडला, 12 प्लाझ्माला, राहिले 170. त्यातले 20 व्होल्ट असे गेले: आयन अ‍ॅनोडला चिकटून जन्मत नाही, जरा पुढे उतारावर जन्मतो. एक व्होल्टही हवेत नाही.

9 सप्टेंबर

आता जागेचं. लेझर 20 मिमीवर होता, जाळी 300 वर. मधे आयन अजून पळतोच आहे का हे बघायला लेझर 60 मिमीवर नेला. तिथे घनता इतकी उतरते की लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट (सरासरी घ्यायचा वेळ) 3 सेकंद करावा लागला आणि एका स्कॅनला दुपार गेली, मधे दोनदा मोड हॉप. पण आलं: 39.8 गिगाहर्ट्झ, 26.6 किमी/से, म्हणजे 146 इलेक्ट्रॉनव्होल्ट. जाळीच्या 150 पासून चार व्होल्टवर. 28.0 आणि 25.4 मधली दरी आता 26.9 आणि 26.6 इतकी राहिली, आणि जाळीची स्वतःची रेझोल्यूशनच काही व्होल्टांची आहे, म्हणून यापुढे ताणायचं नाही.

सरांनी ग्राफ बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "टेंगूळ वेगळ्या फिगरमध्ये दाखव." हे त्यांचं 'हो'.

12 सप्टेंबर

थ्रस्टचा अंदाज. झोताचा करंट 0.8 अँपिअर, म्हणजे सेकंदाला 0.33 मिलिग्रॅम आयन, गुणिले 26.6 किमी/से, झोत फाकतो त्याचे वजा करून साडेसात मिलिन्यूटनच्या जवळपास, ए-फोर कागदाच्या वजनाचा सहावा भाग. आत जातो 0.59 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मा गॅस आयन न होताच निघून जातोय. वेगाचं गणित सुटलं, पण आर्गॉनची खरी दुखणी ही आहे: अणू हलका, पटकन निसटतो, आणि त्याला आयन करायला 15.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, झेनॉनला 12.1. चॅनेल लांब करायचं की गॅस वाढवायचा यावर धाकटा लांब चॅनेलच्या बाजूने आहे. गॅस वाढवला तर आपले पंप हात वर करतील, म्हणून मीही.

जाळीबद्दल अजून एक राहिलंच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयन जाळीला ओळखू येत नाही, त्याची एनर्जी दुप्पट पण चार्जही दुप्पट, तो त्याच व्होल्टला अडतो. लेझरला तर तो दिसतच नाही. 200 व्होल्टला असे थोडेच असतील, 300 ला गेलो की ई-क्रॉस-बी प्रोब (विद्युत आणि मॅग्नेटिक फील्डने आयन वेगावरून वेगळे करणारा) बनवावाच लागेल, त्याचे मॅग्नेट शोधतोय.

पुढच्या आठवड्यात: मामांकडे 12 मिमी जास्त लांबीचं चॅनेल, रफिंग पंपाचा यूपीएस (अजून आला नाही), आयोडिनच्या नळीचा हीटर बदलणे.